भौगोलिक कारण द्या : तुवालू

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तर एआयवर बोल. पंधरा मिनिटं." मी म्हटलं, त्यावर हल्ली सगळेच बोलतात. मला भूगोलावर बोलू द्या. आज पहिल्या रांगेत आपल्या भूगोलाच्या बाई बसल्या आहेत आणि त्यांना माझं एक उत्तर द्यायचं राहिलं आहे.

सहामाहीत प्रश्न होता, "कंकणद्वीप म्हणजे काय?" दोन गुण. मी लिहिलं, "बांगडीच्या आकाराचे बेट." बाईंनी अर्धा गुण दिला आणि लाल शाईत शेरा मारला, "कसे तयार होते? तिथे कोण राहते?" बाई, तीस वर्षं लागली, पण उत्तर आणलंय.

मधल्या काळात दोन वर्षं कामासाठी मी न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये होते. तिथे आमच्या टीममध्ये टेस्टिंग करणारी एक मुलगी होती. तिचं मूळ गाव विचारलं तर म्हणाली, तुवालू. मला देश माहीत नव्हता, पण नाव कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. मग आठवलं. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी भारताचं 'डॉट इन' असतं, तसं प्रत्येक देशाचं दोन अक्षरी नाव असतं. तुवालूच्या वाट्याला आलं 'डॉट टीव्ही'. आपली मुलं गेम खेळताना बघायला ज्या 'ट्विच'वर जातात, त्याच्या पत्त्यात हेच असतं. नोकरीत हजारदा टाइप केलेली ती दोन अक्षरं एका देशाची आहेत, हे मला त्या मुलीमुळे कळलं.

तर आधी नकाशा भरू. पॅसिफिक महासागरात हवाई आणि ऑस्ट्रेलियाच्या साधारण मध्यावर, विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला आणि १८० रेखावृत्ताच्या किंचित पश्चिमेला नऊ बेटं आहेत. 'तुवालू' म्हणजे आठ जण एकत्र उभे. पूर्वीपासून वस्तीची बेटं आठ, नवव्या निउलाकितावर लोक नंतर राहायला गेले. नऊ मिळून जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर. २०१७ च्या गणनेत लोकसंख्या १०,६४५, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक फुनाफुती या राजधानीच्या बेटावर. सगळ्यांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचार मीटर. आपल्या शाळेच्या गच्चीवर उभे राहिलो तर त्या देशापेक्षा उंच होऊ.

आता कसे तयार होते. डार्विनचं म्हणणं असं, की आधी समुद्रात ज्वालामुखीचं बेट असतं. त्याच्या काठाने प्रवाळ वाढतात. बेट हळूहळू खचत जातं आणि प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतात. शेवटी मधला डोंगर बुडतो, बाहेरचं कडं उरतं आणि आत उथळ पाणी. आपल्या लक्षद्वीपची बेटंही अशीच. हे खरं का, हे तपासायला लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ मध्ये तीन मोहिमा पाठवल्या त्या फुनाफुतीलाच. ३४० मीटर खोल भोक पाडलं. खालपर्यंत प्रवाळच लागले, ज्वालामुखीचा खडक लागला नाही. तो हाती यायला १९५० चं दशक उजाडलं, तेही मार्शल बेटांत. म्हणजे आपण दोन गुणांसाठी घोकत होतो ते पक्कं होऊन तेव्हा पन्नासही वर्षं झाली नव्हती.

आणि तिथे कोण राहते? बहुतेक लोक पॉलिनेशियन, सामोआ-टोंगाच्या नात्यातले. इंग्रजांनी त्यांना शेजारच्या गिल्बर्ट बेटांशी एका वसाहतीत बांधलं होतं. ते लोक मायक्रोनेशियन, भाषा वेगळी. १९७४ मध्ये सार्वमत झालं, यांनी प्रचंड बहुमताने वेगळं व्हायचं ठरवलं आणि १ ऑक्टोबर १९७८ ला स्वतंत्र झाले. संसदेत १६ खासदार आणि राजकीय पक्ष एकही नाही. खासदारच आपल्यातून पंतप्रधान निवडतात. ब्रिटनचा राजा नावापुरता राष्ट्रप्रमुख. बेटापुरता कारभार 'फालेकाउपुले'चा, म्हणजे बेटावरच्या ज्येष्ठांच्या सभेचा. या सभेचे अधिकार १९९७ मध्ये कायद्यानेही मान्य झाले. आपल्याकडे पाराला जे ठरतं त्याला त्यांनी कायद्यात जागा दिली, असं समजा.

फुनाफुतीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधली. बेट सगळ्यांत रुंद आहे तिथे चारशे मीटर, त्यात ही धावपट्टी. फिजीहून आठवड्यात मोजकी विमानं येतात. यायच्या आधी भोंगा वाजतो, लोक बाजूला होतात. एरवी ते गावाचं मैदान. आत्ता इथे साडेअकरा वाजलेत, तिथे संध्याकाळचे सहा. म्हणजे आत्ता धावपट्टीवर व्हॉलीबॉल चालू असणार.

हा देश जगतो कशावर, हे कळल्यावर मी थक्क झाले. नारळ, मासे, आणि पुलाका नावाचा अळूच्या जातीचा मोठा कंद. खाली वाळू आणि प्रवाळ, माती नाहीच. म्हणून लोक गोडं पाणी लागेपर्यंत खड्डा खणतात, त्यात पाला टाकून पिढ्यान् पिढ्या माती तयार करतात आणि त्यात पुलाका लावतात. पण हे पोटापुरतं. पैसा येतो तो दुसरीकडून. पुरुष मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून जातात आणि घरी पैसे पाठवतात. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन वगैरेंच्या मदतीने सुमारे २.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा एक निधी उभारला, त्याच्या उत्पन्नातून अर्थसंकल्पाला हातभार लागतो.

पण खरी कमाई दोन गोष्टींची. एक समुद्र. २६ चौरस किलोमीटर जमिनीभोवती त्यांच्या हक्काचं पाणी सात लाख चौरस किलोमीटरहून जास्त आहे, महाराष्ट्राच्या दुपटीपेक्षा मोठं. त्यात ट्यूना पकडायला परदेशी जहाजं येतात आणि दिवसाच्या हिशेबाने पैसे मोजतात. दुसरी कमाई त्या दोन अक्षरांची. २००० साली एका अमेरिकन कंपनीने 'डॉट टीव्ही' चालवण्यासाठी १२ वर्षांत ५ कोटी डॉलर द्यायचा करार केला. त्या पैशातून तुवालूने त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश केला, रस्ते केले, दिवे लावले.

मजा बघा. समुद्र आणि नाव, दोन्हीवर उभं राहता येत नाही. पण दोन्ही हक्क उभे आहेत त्या चिमूटभर जमिनीवर. सागरी कायद्यात पाण्याचा हक्क किनाऱ्यापासून मोजतात. आणि दोन अक्षरांचं म्हणाल तर ती देशांच्या यादीवरून येतात. युगोस्लाव्हिया गेला आणि त्याचं 'डॉट वाययू' २०१० मध्ये इंटरनेटवरून काढून टाकलं. मी त्या वेळी नोकरीत होते, आम्ही ती एक ओळ यादीतून खोडली आणि चहाला गेलो. आज तसं सहज करता आलं नसतं.

कारण तुवालूत समुद्र वर येतो आहे. इथे बाईंच्या समोर अर्धवट उत्तर नको, म्हणून सांगते. ऑकलंडच्या संशोधकांनी १९७१ ते २०१४ चे फोटो ताडून पाहिले, तर एकूण जमीन घटली नव्हती. लाटा वाळू आणून टाकतात, त्यामुळे ती जवळपास तीन टक्के वाढली होती. बेट वाळूचं असल्याने ते सरकतं, आकार बदलतं. पण जमीन बुडायच्या आधी ती राहण्याजोगी उरत नाही. मोठ्या भरतीला खारं पाणी खालून, जमिनीतूनच वर येतं. पुलाकाच्या खड्ड्यात एकदा मीठ गेलं की पीक कुजतं. पिण्याचं पाणी पावसाचं. २०११ मध्ये पाऊस पडला नाही तर आणीबाणी जाहीर करावी लागली. माझ्या त्या सहकारी मुलीच्या आजीचा खड्डा असाच गेला. ती हे सांगताना कुणाच्या घरचं मरण सांगावं तशी सांगत होती.

लोक हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. फुनाफुतीत समुद्रातली वाळू काढून सात हेक्टरच्या वर नवी उंच जमीन घातली आहे. २०२३ मध्ये राज्यघटनेत लिहिलं, की जमिनीचं काहीही झालं तरी तुवालू हा देश कायम राहील. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी करार केला. त्यानुसार दरवर्षी २८० जणांना तिथे जाऊन राहता येईल. २०२५ मध्ये त्याची पहिली सोडत झाली आणि देशातल्या बहुसंख्य लोकांची नावं त्यात आली. कराराचं नाव 'फालेपिली', म्हणजे शेजारधर्म.

आणि तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. २०२१ मध्ये त्यांचे मंत्री सायमन कोफे गुडघाभर पाण्यात उभे राहून हवामान परिषदेसाठी बोलले, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. पुढच्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, की आम्ही डिजिटल देश होतोय. नंतर लहानमोठी १२४ बेटं लेझरने मोजून कॉम्प्युटरवर उतरवली. गाणी, गोष्टी, कागदपत्रंही जपायची आहेत. मला फार भारी वाटलं. मी त्या मुलीला म्हटलं, "छान झालं, देशाचा बॅकअप झाला." ती म्हणाली, "हो. आणि रिस्टोअर कुठे करायचा?"

मी गप्प झाले. कारण हा धडा मला आधीच मिळाला होता. एका कंपनीत आमचा बॅकअप रोज रात्री बिनचूक होत होता. हिरवा दिवा बघून मी घरी जायचे. एका शुक्रवारी सर्व्हर गेला तेव्हा कळलं, की तो परत चढवून कुणी कधी पाहिलंच नव्हतं. मीही नाही. तीन महिन्यांचं काम गेलं. तेव्हापासून ज्युनिअर मुलांना मी एवढंच विचारते, परत आणून पाहिलंस का?

बेटाचा इंच न् इंच मोजून ठेवता येतो. पण तो खड्डा कुणाच्या आजीने खणला, त्यातला पहिला कंद कुणाला द्यायचा, सभेत आधी कुणी बोलायचं, हे सगळं माणसं एका जागी राहतात म्हणून चालतं. ब्रिस्बेनमध्ये चौथ्या मजल्यावर पुलाका कसा लावणार? तरीही मोजून ठेवलंच पाहिजे, कारण उद्या हक्क सांगायला पुरावा लागेल. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं, की देशाचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून देश संपतोच असं नाही. तो शब्द त्यांना उपयोगी पडेल. पण त्या मुलीला यादीत नाव नको आहे, तिला घरी जायचं आहे.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळेचे सगळे फोटो आहेत. पाडलेल्या जुन्या इमारतीचेसुद्धा. तरी आज आपण रजा टाकून, रात्रीच्या गाड्या पकडून इथे आलो, आणि मागच्या बाकावरचे आजही मागेच बसले आहेत. आपल्याला यायला ही जागा आहे.

बाई, उत्तर लांबलं, क्षमा असावी. कंकणद्वीप हे बांगडीच्या आकाराचं बेट असतं, ते प्रवाळांनी बांधलेलं असतं आणि तिथे माणसं राहतात. उरलेला दीड गुण द्यायचा की नाही, ते आता तुम्ही ठरवा.