नाव कासिनोला, पुतळा माणगावला

मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्यांना माणगाव ठाऊक असते ते बहुधा वाहतुकीच्या कोंडीमुळे. एस.टी. थांबते, लोक चहा घेतात, घड्याळाकडे पाहून चुकचुकतात. त्याच गावात एका सैनिकाचा पुतळा आहे. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. लहानपणी मी वडिलांना विचारले होते, ‘यांची समाधी कुठे आहे?’ त्यांना सांगता आले नाही. पुढे मीच पुस्तके चाळली, तेव्हा कळले की या माणसाला समाधीच नाही.

घाडगे याच माणगाव तालुक्यातले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. जून १९४४मध्ये रोम पडले आणि दोस्तांच्या फौजा माघार घेणाऱ्या जर्मनांच्या पाठोपाठ टायबर नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडे निघाल्या. १० जुलै हा तो दिवस. आपल्याकडे ऐन भातलावणीचा. घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा सुरू झाला. एकटे घाडगे सोडले, तर तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. ते थेट त्या मशिनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले. मशिनगनवरच्या आणखी एकाला गोळी घातली. उरले दोघे. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्याच तडाख्यांनी त्या दोघांना संपवले. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय होते २२.

शौर्य म्हटले की आपल्याला तुतारी ऐकू येते. मला मात्र त्या दोन जर्मनांचीही आठवण होते. ती पोरेही कुणाच्या तरी घरून आलेली असणार. घाडग्यांचे धाडस त्यामुळे कमी होत नाही. ते किती जवळून, किती एकट्याने केले होते, एवढेच त्यातून कळते.

त्याच जुलैमध्ये पंडित नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर ‘ती साहेबाची लढाई’ म्हणून आपण या शिपायांना जरा बाजूलाच ठेवले. इटलीच्या मोहिमेत पाच हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिक कामी आले. त्यांच्यातल्या कितीजणांची नावे आपल्याला सांगता येतील? नामदेव जाधव हे मराठा पलटणीचे दुसरे वीर. त्यांनी एप्रिल १९४५मध्ये सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना गोळीबारातून उचलून आणले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला आणि घरी परतले. १९८४पर्यंत ते आपल्यात होते. घाडग्यांच्या वाट्याला ते आले नाही.

ज्यांच्या थडग्याचा पत्ता नाही, अशांची नावे कासिनोच्या युद्ध-दफनभूमीतल्या स्मारकावर कोरलेली आहेत. घाडग्यांचे नाव तिथे आहे. पण कासिनो म्हणजे जिथे ते पडले तिथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. माणगावचा पुतळा तर समुद्रापलीकडे. फूल वाहायचे तर वाहायचे कुठे, हा माझा लहानपणचा प्रश्न तसाच राहिला होता.

मग जुलै २०२३मध्ये बातमी आली. टायबरच्या खोऱ्यावरच्या मोन्तोने गावी तिथल्या गावकऱ्यांनी आणि इटलीच्या युद्धेतिहासकारांनी मिळून घाडग्यांचे स्मारक उभारले. ना पुतळा, ना तोफ. सावलीचे घड्याळ! त्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे की आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. ज्यांच्या डोंगरात हा पोर मेला, त्यांनीच त्याची आठवण ठेवली.

दर १० जुलैला मला ते घड्याळ आठवते. तिकडे उन्हाळा असतो, सावली स्वच्छ पडत असेल. माणगावात त्या दिवशी बहुतेक मुसळधार पाऊस असतो. पुतळ्यावरून पाणी ओघळत असते आणि समोरच्या रस्त्याने छत्र्या सावरत लोक एस.टी. पकडायला धावत असतात.