पाण्याखालीं

संस्कृतांतील 'मस्ज्' या धातूच्या जागीं प्राकृतांत कोणते धातु येतात हें सांगतांना बाराव्या शतकांतील वैयाकरण हेमचंद्र यांनीं 'बुड्ड' हें एक रूप दिलें आहे. मराठींतील 'बुडणें' तें हेंच. मूळच्या 'मस्ज्' पासून 'निमज्जन', 'मग्न', 'जलमग्न' हे शब्द आले; ते ग्रंथांत राहिले, आणि 'बुडणें' घरोघर गेलें.

घरोघर गेलेल्या शब्दाला संसाराचे चटके बसतात. पोहणारा 'बुडी' मारतो तो वर येण्यासाठीं. जो 'बुडतो' त्याची वाट पाहणारे कांठावर रडतात. पेढी बुडते, मजुरी बुडते, व्याज बुडतें. यांतील कशालाहि पाण्याचा स्पर्श नाहीं. गेलें तें परत येणार नाहीं, एवढाच अर्थ उरला आहे. म्हणूनच अनंत चतुर्दशीला गणपति 'बुडविला' असें कोणी म्हणत नाहीं. 'विसर्जन केलें' म्हणतात, 'पोचविला' म्हणतात. कारण देव पुढल्या वर्षीं यावयाचा असतो.

याहून विलक्षण गोष्ट 'पाण्याखालीं' या साध्या शब्दाची आहे. शेत 'पाण्याखालीं आलें' म्हणजे पाट पोंचला, कोरडवाहू जमीन बागाईत झाली. शेत 'पाण्याखालीं गेलें' म्हणजे तें नाहींसें झालें. शब्द तोच, पाणीहि पुष्कळदां तेंच; 'येणें' आणि 'जाणें' या दोन क्रियापदांनीं एकाच्या घरीं दिवाळी होते व दुसऱ्याच्या घरीं सुतक.

भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. माढा, मोहोळ, पंढरपूर या बाजूंची रानें पाण्याखालीं आलीं, ऊंस उभा राहिला. वरच्या अंगाला नदीकांठचीं गांवें त्यासाठीं पाण्याखालीं गेलीं. मुळशीचा प्रकार आणखी निराळा. तेथील धरणाविरुद्ध १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला. त्याच लढ्यानें पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापति' ही पदवी दिली. तें पाणी सह्याद्रि उतरून भिऱ्याला वीज करणार होतें, आणि वीज जाणार होती मुंबईला. भातखाचरें पाण्याखालीं 'गेलीं' खरीं. पण त्यांच्या मोबदल्यांत पाण्याखालीं 'आलें' असें शेत दाखवावयाचें तरी कोठें?

वृत्तपत्रांना अशा गांवांसाठीं 'जलमग्न' हा शब्द आवडतो. तो कानाला गोड आहे आणि तेथेंच त्याचा दोष आहे. विद्यार्थी अभ्यासांत मग्न होतो, भक्त भजनांत. 'मग्न' म्हटलें कीं आपखुशी सुचते. गांव कांहीं आपखुशीनें पाण्यांत रमलेलें नसतें! सरकारी कागदांतला 'बुडीत क्षेत्र' हा शब्द रुक्ष वाटतो खरा. परंतु 'बुडीत कर्ज' लिहिणाऱ्या वाण्याला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाहीं. कागदोपत्रीं भाषा बहुधा दुःख झांकते. या एका ठिकाणीं ती साहित्यिकांपेक्षां प्रामाणिक निघाली.

इंदापूर तालुक्यांतील पळसदेवचें जुनें देऊळ उजनीच्या जलाशयांत आहे. ज्या उन्हाळ्यांत पाणी फार ओसरतें, त्या उन्हाळ्यांत तें उघडें पडतें, आणि लोक चिखल तुडवीत दर्शनाला जातात. मग पावसाळा येतो, भीमा फुगते, आणि देऊळ पुन्हां पाण्याखालीं जातें.