दारावरचा शिपाई



वेबपान प्रथम निघाले तेव्हा ते छापील कागदासारखे होते. फॉर्म भरला की तो दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जाई. एक रकाना रिकामा राहिला असला तर तेथवर जाऊन सबंध पान परत येई. जुन्या कचेरीतला हेलपाटाच म्हणा!

1995 साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आईक यांनी अवघ्या दहा दिवसांत एका नव्या संगणकभाषेचा पहिला आराखडा उभा केला. तीच आजची जावास्क्रिप्ट. तिच्यामुळे पानाबरोबर सूचनांची एक यादीही आपल्याकडे येऊ लागली. ती चालते आपल्याच मोबाईलवर. बोट लागले, अक्षर उमटले, की ती जागी होते आणि पानाचा हवा तेवढाच भाग बदलते. आधार क्रमांकाचेच पाहा. त्याचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे लिहिताना एक आकडा चुकला, तर सर्व्हरला न विचारता पान जागच्या जागी सांगू शकते. हेलपाटा वाचला, वेळ वाचला.

पण क्रमांक गणितात बसला म्हणून तो आपलाच आहे, असे ठरत नाही. शिवाय आपल्या यंत्रावर चालणारी तपासणी जाणत्याला बदलता येते, बंदही करता येते. म्हणून शहाणा सर्व्हर तिच्यावर विसंबत नाही. सारे पुन्हा तपासतो. दारावरच्या शिपायाने कागद ठीक म्हटला, म्हणून आतल्या साहेबांची सही झाली काय?

असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी 26 ऑगस्ट 2021 रोजी सुरू झाली. पाथर्डीचा ऊसतोड मजूर अशा फॉर्मवर हिरवी खूण पाहून मोबाईल मिटेल, आणि नोंद झाली या भरवशावर राहील. आम्ही सांगतो, सर्व्हरकडून नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत काम झाले म्हणू नका.

तांबड्या खुणेचेही तसेच. आडनावावाचून रकाना पुढे सरकू देत नसेल, तर त्यात यंत्राचा हट्ट नाही. तो कुणा माणसाने लिहिलेला नियम आहे. तेवढ्यावरून मजुराचा हक्क बुडाला असे मानून घरी बसू नये. कचेरीत जावे, लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. दहाजणांची तीच अडचण असेल तर दहाजणांनी मिळून जावे. माणसाने लिहिलेला नियम माणसाकडून बदलून घेता येतो. संघटनेचे काम आजवर याच विश्वासावर चालत आले आहे.