किती आणे खात्री?

मनाच्या एका मोठ्या आजाराविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. कोणी जवळ नसताना माणसाला आवाज ऐकू येतात; शेजारीपाजारी आपल्या वाईटावर आहेत, जेवणात काहीबाही कालवतात, अशी त्याची पक्की समजूत होते. डॉक्टर याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. खेड्यात ‘बाहेरचे झाले’ म्हणून अंगारेधुपारे होतात. त्यावरून मी आपल्याला बोल लावणार नाही, कारण प्रथम मला माझीच एक चूक सांगायची आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका आईने आपल्या तरण्या मुलाला माझ्याकडे आणले. शिक्षक होण्याचा अभ्यास अर्ध्यावर टाकून तो घरात बसला होता. गावच्या पारावर बसणारी म्हातारी मंडळी आपण दिसलो की खोकतात, ती एकमेकांना खूण असते, असे तो म्हणे. मी हसलो. म्हटले, “अरे, जन्मभर बिड्या ओढलेली माणसं ती. खोकणार नाहीत तर काय करतील?” आणि चांगला अर्धा तास त्याला पटवीत बसलो. त्याने मान हलवली, गोळ्या घेतल्या आणि गेला तो गेलाच. मागाहून कळले, “हा डॉक्टरही त्यांच्यातलाच” असे आईला सांगून त्याने गोळ्या विहिरीत टाकल्या होत्या.

तीन वर्षांनी तो पुन्हा आला, पार खंगलेला. मधल्या काळात मीही थोडा शिकलो होतो. या वेळी मी वाद घातला नाही, आणि “खरं आहे तुझं” असेही म्हणालो नाही. नुसते विचारले, “हे पहिल्यांदा केव्हा जाणवलं?” परीक्षेच्या आधी चार रात्री झोप नव्हती, तेव्हापासून, असे तो म्हणाला. मग विचारले, “खूणच आहे याची खात्री किती आणे?” तो म्हणाला, “सोळा आणे.”

औषध सुरू केले. काही आठवड्यांनी मन जरा निवल्यावर आम्ही दोघांनी मिळून एक बेत केला. मामाला बरोबर घेऊन त्याने मारुतीच्या देवळाआड बसायचे, पारावरच्यांना दिसायचे नाही, आणि प्रत्येक खोकल्याला एक खडा या खिशातून त्या खिशात टाकायचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पारासमोरून येजा करायची आणि मामाने खडे मोजायचे. तो नव्हता त्या तासात खडे भरले 22, तो होता त्या तासात 19. कागद पुढे ठेवून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दहा आणे.” लगेच पुढे म्हणाला, “पण मग ते हसतात का?” म्हणजे पुन्हा पहिल्यापासून! हे काम असेच चालते. महिनोन्‌महिने लागतात.

या पद्धतीला विचार-वर्तन उपचार म्हणतात. अमेरिकेतील डॉक्टर ॲरन बेक यांनी 1952 साली अशाच एका रुग्णाची हकिकत छापली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला तो सैनिक. सरकारी गुप्त पोलीस आपल्या पाळतीवर आहेत, असे त्याला वाटे. बेक यांनी त्याला संशयातल्या एकेका माणसाचे वागणे नीट न्याहाळायला लावले, तशी संशयितांची यादी आखडत गेली. पुढे बेक यांचे नाव झाले ते उदासीनतेच्या आजारावरील उपचारामुळे. मोठ्या आजारासाठी ही वाट रुंद केली ती मुख्यतः इंग्लंडातल्या डॉक्टरांनी, 1990 नंतर. तिथल्या सरकारी मार्गदर्शनात आता औषधाच्या जोडीने निदान सोळा बैठकींची शिफारस आहे.

औषधाच्या जोडीने, हे शब्द विसरू नका. नुसत्या बोलण्याने हा आजार हटतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. गुण येतो तोही बेताचा. काहींना येतो, काहींना येत नाही, आणि किती येतो यावर डॉक्टरांतच मतभेद आहेत. आवाज कधी कधी राहतातच. पण त्या आवाजाची भीती कमी झाली, तर माणूस शेतावर जाऊ लागतो, चार घास सुखाने खातो. हे काय थोडे झाले?

आणि आवाज ऐकू आला म्हणजे माणूस वेगळ्या जातीचा झाला, असेही नाही. वेल्समध्ये रीस नावाच्या डॉक्टरांनी 293 विधवा-विधुरांना विचारले आणि 1971 साली माहिती प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचे अस्तित्व जाणवले होते. काहींनी आवाज ऐकला होता, काहींना तो दिसलाही होता. बहुतेकांनी ते कोणाला सांगितले नव्हते. आपल्याकडेही एखादी आजी सांगेल, पण विश्वासाने विचारले तरच. रुग्णाला हे कळले की त्याच्या मनावरचे ओझे थोडे उतरते.

घरच्यांनी काय करावे? “काहीतरीच बोलतोस” म्हणू नये आणि होला होही मिळवू नये. “मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतो आहे हे दिसतंय” एवढे म्हणावे आणि पाणी द्यावे. बांधून तर मुळीच ठेवू नये. 2017 च्या कायद्याने साखळीला बंदी आहे. गुरुजनहो, हा आजार बहुधा ऐन तारुण्यात उगवतो. हुशार पोरगा एकाएकी मागे पडू लागला, रात्र रात्र जागू लागला, एकटाच पुटपुटू लागला, तर आळशी म्हणून उभे करण्याआधी त्याच्या घरी जाऊन या.

सातारा जिल्ह्यात, गोव्यात आणि तामिळनाडूत गावच्याच माणसांना शिकवून त्यांना रुग्णांच्या घरी पाठवण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2014 साली छापून आले. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा फरक थोडा, पण चांगल्या बाजूचा पडला. बोलण्याचे काम केवळ डॉक्टरांच्याच हातचे नाही, असे मला त्यावरून वाटते.

आपल्या राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र फुकट फोन करता येतो, मराठीतही बोलता येते. दवाखान्यात जाताना आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या न्याव्यात आणि रुग्ण ज्याचे ऐकतो, असे घरातले एक माणूस बरोबर असावे. त्या मुलाबरोबर त्याचा मामा दर खेपेला येत असे.