मिक्सर निघाला अमेरिकेला

सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावदला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. व्होल्टेज पडलं की पंपाची मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि जळते, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. पण अलीकडं वेगळाच प्रश्न येतो. मुलगा-सून अमेरिकेत, आणि आई त्यांच्यासाठी नवाकोरा मिक्सर घेऊन दुकानात उभी. ‘भाऊ, हा तिथं चालेल ना?’

आपल्या घरात वीज २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. बाजारात मिळणारी छोटी पिन फक्त पायांचा आकार बदलते, व्होल्टेज नाही. नेमकं हेच लोकांच्या ध्यानात येत नाही. आपला मिक्सर तिथं नुसत्या पिनेवर लावला तर रेंगाळतो, सुकी मिरची किंवा खोबरं पडलं की अडतो. अडलेल्या मोटारीचा पंखाही थांबतो. बटण तसंच दाबून धरलं तर आतली तार जळू शकते.

किटलीचं गणित निराळं. व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता पाव होते. आपली १५०० वॅटची किटली तिथं जेमतेम ४०० वॅट देते. चहा होतो, पण वाट पाहून!

उलटा प्रवास खरा धोक्याचा. फक्त १२० व्होल्टचा हेअर ड्रायर तिकडून आणून इथं लावला, तर तो साडेतीन पटींहून जास्त वीज खेचू पाहतो. धूर निघतो, आगही लागू शकते.

ट्रान्सफॉर्मर चालतो, पण ७५० वॅटच्या मिक्सरला दुप्पट क्षमतेचा घ्यावा. तो मिक्सरहून जड! शिवाय तो हर्ट्झ बदलत नाही. विजेच्या हर्ट्झवर चालणारं अमेरिकन घड्याळ इथं तासाला १० मिनिटं मागं पडतं. म्हणून मी सांगतो, मावशी, मिक्सर राहू द्या. तिथल्या भारतीय दुकानांत तिथल्याच व्होल्टेजचे आपल्या धाटणीचे मिक्सर मिळतात. तुम्ही मिरचीची पूड द्या.

मोबाइल, लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा ‘१००-२४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ’ छापलेलं असतं. त्याला नुसती पिन पुरे. दुबई, लंडनला व्होल्टेज आपल्यासारखंच, फक्त पाय चौकोनी. अक्षरं फार बारीक असतात, तेव्हा बॅग भरण्याआधी वस्तू जवळच्या वायरमनला दाखवा.