ऑफिसच्या ग्रुपवर गप्प बसताना



संयोजकांनी मला ‘समाजमाध्यमं आणि आपण’ असा विषय दिला होता. तो फार मोठा आहे. मी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता आहे, म्हणून फक्त आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल बोलतो. तुम्हीही असल्या एखाद्या ग्रुपमध्ये असणारच. बँकेत, शाळेत, कंपनीत, कुठंही.

आधी आमचं काम सांगतो. जुन्या गावात कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गेलाय, कुठला उलटा फिरतो, कोणती लाइन कुठं जोडलीय, हे नकाशात नसतं. असलं तरी चुकीचं असतं. ते व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या सगळ्यात जुन्या व्हॉल्व्हमननं, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मला गाडीवर मागं बसवून दोन महिने गावभर फिरवलं. डिप्लोमात जे कुणी शिकवलं नाही ते त्यांनी शिकवलं. तेही एका मुसलमान पोराला, साहेब होऊन आलेल्या.

ग्रुप सुरू झाला तेव्हा आम्हाला तो वरदानच वाटला. फुटलेल्या पाइपचा फोटो टाकायचा, दोन मिनिटांत कुणीतरी सांगायचं, ‘शाळेच्या कोपऱ्यावरचा बंद करा.’ नव्या पोरांना विचारायची लाज वाटायची नाही.

मग 2020 चा एप्रिल आला. मार्चअखेरीला निजामुद्दीनची बातमी झाली होती आणि ‘आपल्या लोकांचे’ व्हिडिओ फिरत होते, तुम्हाला आठवत असतील. त्यातला एक आमच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, यांच्याकडून भाजी घेऊ नका. टाकणारे अण्णा होते. तीन जणांनी अंगठा दाखवला. बाकीचे गप्प.

मला व्हिडिओपेक्षा ती शांतता जास्त लागली. नंतर कुणीतरी म्हणालंच, ‘तुझ्याबद्दल नाही रे ते.’ हे वाक्य ऐकलं नाही असा इथं कुणी असेल असं मला वाटत नाही.

मी ग्रुप म्यूट केला. आठवडाभरात आमच्यातल्या एका ड्रायव्हरनं दुसरा ग्रुप काढला, ‘फक्त आपले’. अकरा जण. तिथं मोकळं बोलता यायचं, हे खरं आहे. पण हळूहळू कामाच्या गोष्टीही तिथंच राहायला लागल्या. विभागीय परीक्षेचं परिपत्रक, कुठल्या खेपेचे पाइप सांध्याला गळतात, असलं सगळं. तिकडं त्यांचाही एक ग्रुप निघाला असणार, कारण एका बंदची माहिती मला घटकाभर आधीच मिळाली होती. एका ऑफिसची दोन ऑफिसं झाली आणि ऑर्डर कुणीच काढली नव्हती.

मे महिन्यात एका रात्री मुख्य ग्रुपवर फोटो आला. मोठी लाइन फुटलेली, पाणी रस्त्यावर. प्रश्न होता, ‘याचा व्हॉल्व्ह कुठंय?’ अण्णा आजारी, गावाकडं, फोन बंद. मला माहीत होतं. शिंप्याच्या दुकानाच्या पायरीशेजारी, फरशीखाली. मी मेसेज वाचला. फोन उलटा ठेवला.

माझी ड्यूटी नव्हती, हे मी स्वतःला सांगितलं. पोरांनी तीन ठिकाणी खोदलं. शेवटी टाकीवरूनच पाणी तोडावं लागलं. लॉकडाऊनमध्ये दोन वॉर्ड दीड दिवस कोरडे राहिले, एक त्यांचा, एक आपला. सकाळी अम्मी टँकरपुढं हंडे घेऊन उभी होती. तिला मी अजून हे सांगितलेलं नाही.

अण्णा परत आल्यावर मी त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, ‘अण्णा, तो व्हिडिओ मला लागला.’ ते म्हणाले, ‘पोरानं पाठवला, मी नीट बघितलापण नाही, पुढं ढकलला.’ माफी काही मागितली नाही. थोड्या वेळानं विचारलं, ‘पण पायरीजवळचा व्हॉल्व्ह मी तुला दाखवला होता. त्या रात्री सांगितला का नाहीस?’ ग्रुपमध्ये कुणी मेसेज वाचला ते पाठवणाऱ्याला दिसतं. ते त्यांना कळलं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

त्याच वर्षी 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा करण्यासाठी निवडलं गेल्याची शक्यताही निकालात नोंदवली. मी ती बातमी ग्रुपवर टाकली. अंगठा एकच आला, अण्णांचा.

आपण फक्त सोसणारे आहोत असंही समजू नका. आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर काय काय फिरतं ते तुम्हालाही माहीत आहे. सूरह हुजुरातमध्ये खबर आली की आधी शहानिशा करा अशी ताकीद आहे, आणि तीच आयत आपण न तपासलेल्या मेसेजच्या शेजारी फॉरवर्ड करतो. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. तेव्हा दुहेरी बाण दिसला की थांबा, एवढं तरी करा.

अ‍ॅडमिनवर केस होईल या भीतीनं काही जण बोलत नाहीत. नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलंय की दुसऱ्याच्या पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. पण अ‍ॅडमिनला आता दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. मग त्यानं तो करावा, असं त्याला सांगायला काय हरकत आहे? मी आधी एकट्याला फोन करतो, ग्रुपवर नाही. चारचौघांत टोकलं की माणूस हट्टाला पेटतो.

अण्णा गेल्या वर्षी रिटायर झाले. त्याआधी आम्ही दोघांनी गाडीवरून पुन्हा गाव फिरलं, या वेळी गाडी मी चालवत होतो, आणि एकेक व्हॉल्व्ह वहीत उतरवला. ती वही ऑफिसच्या कपाटात आहे, फोटो मुख्य ग्रुपवर. त्यांच्याकडचं ते ज्ञान म्हणजे अमानत होती. माझ्याकडचंही होतं, हे मला उशिरा कळलं.

‘फक्त आपले’ हा ग्रुप अजून चालू आहे आणि मी त्यातून बाहेर पडलेलो नाही. पडावं का, यावर आमच्या घरातही एकमत नाही. तुमचं काय म्हणणं आहे ते ऐकायचंय. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरू करू.