क्लच गेला म्हणतात, तेव्हा काय विचारायचं?

आज आपण गाडीच्या क्लचबद्दल बोलणार आहोत. काहीजणी म्हणतील, हे ड्रायव्हरचं काम, आपल्याला काय त्याचं? पण आता कितीतरी बचत गटांच्या नि ग्रामसंघांच्या बायकांकडे गाड्या आल्या आहेत. ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना २०१७ साली सुरू झाली, तेव्हापासून गटातल्या बाईची गाडी ही गोष्ट सरकारी कागदावरही आली. गाडी आपली, हप्ता आपला, मग दुरुस्तीचं बिलही आपलंच. त्या बिलावर काय लिहिलंय ते आपल्याला कळायला नको?

आमच्या डांगाणात, म्हणजे अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, वाड्या डोंगरावर आहेत आणि पाऊस चार महिने पाठ सोडत नाही. आमच्या गटांची पिकअप फोर बाय फोर आहे, म्हणजे चारही चाकांना जोर लावता येतो. तीच दुधाचे कॅन नेते, तीच भात-नाचणीची पोती नेते. ऐन भाताच्या दिवसांत ती आठ दिवस उभी राहिली, तर व्यापारी दारात येतो आणि तो म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. म्हणून क्लचचं काम कधी करायचं, हे गाडीने बंद पडून ठरवण्याआधी आपण ठरवलेलं बरं.

आधी क्लच म्हणजे काय ते बघू. एक थाळी दोन तळहातांत घट्ट दाबून धरा. हात फिरले की थाळी फिरते. हात सैल केले की थाळी सुटते. गाडीत ही थाळी म्हणजे क्लचप्लेट. तिच्या एका बाजूला इंजिनचं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट. पाय पेडलवर नसतो तेव्हा दोघं मिळून प्लेट दाबून धरतात आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, पकड सुटते आणि आपण गिअर बदलतो. प्लेटवरचा थर चपलेच्या तळासारखा झिजतो. त्यात कुणाचा दोष नाही, पण तो किती लवकर झिजेल हे बरंचसं चालवणाऱ्याच्या पायावर असतं.

आता लक्षणं. ही चार नीट ऐका, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आणि खर्चही वेगळा.

पहिलं, क्लच घसरणं. भरलेली गाडी घाट चढतेय, ड्रायव्हर रेस वाढवतो, इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही. कधी जळका वास येतो. पेडल अगदी वर आल्यावरच गाडी हलते. ही बहुतेक वेळा झिजलेल्या प्लेटची खूण. पण गाडी ओढत नाही आणि इंजिनचा आवाजही वाढत नाही, तर तो क्लच नव्हे. तिथे एअर फिल्टर, डिझेल फिल्टर किंवा धरून राहिलेले ब्रेक तपासायचे.

दुसरं, गिअर न पडणं. पेडल पूर्ण दाबलं तरी पहिला किंवा रिव्हर्स गिअर करकरतो. इथे प्लेट झिजलेली असेलच असं नाही. केबलच्या गाडीत केबल ताणली असेल. क्लच ऑइलवर चालणाऱ्या गाडीत ऑइल गळत असेल किंवा आत हवा शिरली असेल.

तिसरं, आवाज. पेडल दाबल्यावर घरघर येते आणि सोडल्यावर जाते, तर संशय रिलीज बेअरिंगवर. उलट, गाडी न्यूट्रलमध्ये चालू असताना आवाज येतो आणि पेडल दाबल्यावर बंद होतो, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग बघायला सांगा.

चौथं, थरथर. गाडी उचलताना धडधडते. प्लेटवर ऑइल आलं असेल, फ्लायव्हील तापून खराब झालं असेल, किंवा इंजिनचं माउंटिंग सैल असेल. ऑइल आलं असेल, तर नुसती प्लेट बदलून भागत नाही. गळणारं ऑइल सील आधी बदलावं लागतं, नाहीतर नवी प्लेटही तशीच वाया जाते.

गॅरेजला जाण्याआधी तीन गोष्टी आपल्या आपण बघता येतात. एक, बॉनेट उघडून क्लच ऑइलची बाटली बघा. पातळी खुणेच्या खाली आहे का? पेडलच्या मुळाशी आणि गाडीखाली ओल आहे का? दोन, पेडल हाताने हलकेच दाबून बघा. सुरुवातीला ते थोडं मोकळं हलायला हवं. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, पट्टीने मोजता येतं. अजिबात मोकळं नसेल, तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि चांगली प्लेटही जळते. तीन, घसरण्याची परीक्षा. सपाट मोकळी जागा घ्या, गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहू नका. इंजिन गरम असू द्या, हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडेल. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. ही परीक्षा एकदाच करा, पुन्हापुन्हा केली तर प्लेट तापते.

गेल्या भाद्रपदात आमच्या गाडीचा पहिला गिअर पडेना. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच सांगितलं, "क्लच गेला, वीस हजार ठेवा." आमच्यातल्या दोघी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "दादा, घाटात गाडी घसरत नाही, वास येत नाही, मग प्लेट कशी गेली? ऑइलची बाटली तेवढी उघडून दाखवा." बाटली तळाला गेली होती. खालच्या सिलिंडरचं रबर फाटलं होतं. रबर बदललं, हवा काढली, हजाराच्या आत काम झालं आणि तीच गाडी दिवाळीनंतर सगळ्यांचं भात घेऊन गेली.

पुढे वैशाखात मात्र गाडी खरंच घसरायला लागली. तेव्हा आम्ही ते काम पावसावर ढकललं नाही, कारण घसरणारा क्लच घेऊन चिखलाच्या चढावर जायचं म्हणजे माल आणि माणसं दोन्ही धोक्यात घालायची.

आता खर्चाचा हिशोब. वही-पेन घ्या. क्लचच्या कामात मोठी मेहनत असते गिअरबॉक्स उतरवण्याची. फोर बाय फोर गाडीत त्याबरोबर ट्रान्सफर केस आणि पुढचा-मागचा असे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडवावे लागतात, म्हणून मजुरी जास्त पडते. एवढं उघडल्यावर फक्त प्लेट बदलून दोनशे रुपयांचं बेअरिंग जुनंच ठेवलं, तर ते बिघडल्यावर सगळी मजुरी पुन्हा भरायची. म्हणून एकदाच पूर्ण काम करा.

आमची यादी अशी होती. क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेटचा सेट ७,००० रुपये. रिलीज बेअरिंग १,२००. फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग २००. फ्लायव्हीलला लेथवर फेसिंग ८००. ऑइल सील ४००. गिअर ऑइल ९००. मजुरी ४,०००. एकूण १४,५००. उघडल्यावर काही निघालंच तर म्हणून १,५०० वेगळे, म्हणजे १६,०००. गाडी तीन दिवस उभी, रोजचे ८०० रुपये बुडाले, ते २,४००. सगळे मिळून १८,४००. उभ्या गाडीचे दिवस खर्चात धरायला विसरू नका, हप्ता काही थांबत नाही. तुमच्या गाडीचे दर वेगळे असतील, पण यादीचे रकाने हेच.

हे पैसे आणायचे कुठून? आमची गाडी महिन्याला साधारण १,५०० किलोमीटर चालते. क्लच ६०,००० किलोमीटर टिकेल असं आम्ही धरलं, म्हणजे चाळीस महिने. १८,४०० भागिले ४०, महिन्याला ४६० रुपये. महिन्याला पन्नास फेऱ्या होतात. म्हणजे फेरीमागे दहा रुपये बाजूला काढले की झालं. गाडी घेतल्यापासून छत्तीस महिने आम्ही ते काढले. पावसात फेऱ्या कमी होतात, तरी वैशाखात खात्यावर सतरा हजारांवर रक्कम होती. कुणापुढे हात पसरावा लागला नाही. हेच १६,००० गटातून महिना दोन टक्क्यांनी कर्जाऊ घेतले असते, तर पहिल्याच महिन्याचं व्याज ३२० रुपये झालं असतं.

पैसे देण्याआधी दोन-तीन ठिकाणी विचारा आणि भाव तोंडी न घेता कागदावर घ्या. सुट्या भागांचे आणि मजुरीचे आकडे वेगळे लिहायला सांगा. काढलेले जुने भाग परत मागा. झिजलेली प्लेट हातात घेऊन बघा, रिव्हेट वर आलेले दिसले की काम खरं होतं हे कळतं. बिल गटाच्या फाइलला लावा आणि किलोमीटरचा आकडा त्यावर लिहा, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज धरावा लागणार नाही.

शेवटचं, ड्रायव्हरशी बोला. तो आपला भाऊ असो, पोरगा असो, की आपलीच मैत्रीण. चालताना पाय पेडलवर टेकवून ठेवायचा नाही. चढावर हाफ क्लचवर गाडी धरायची नाही, हँडब्रेक वापरायचा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलायची नाही. चिखलाचा खडा चढ आला तर आधीच लो गिअर टाकायचा, अडकल्यावर क्लच जाळत बसायचं नाही. आणि चार पोती जास्त भरा असं सांगणाऱ्या आपणही असतो, तेव्हा हा नियम आपल्यालाही लागू.

येत्या बैठकीत बचतीची वही उघडाल, तेव्हा गाडीसाठी एक वेगळं पान काढा. वर लिहा, क्लच निधी. खाली गेल्या महिन्याच्या फेऱ्या मोजा आणि दहाने गुणा. तुमच्या गाडीला किती लागतील ते तिथेच ठरेल.